उतरायला जागा आहे का?

शीव म्हणजे हद्द. गावाची शीव, शेताची शीव असं आपण म्हणतो, तोच हा शब्द. परळचं बेट इथं संपायचं, पुढे खाडी आणि खाडीपल्याड साष्टी. अलीकडे इंग्रजांचा अंमल, पलीकडे आधी पोर्तुगीजांचा आणि १७३७ नंतर मराठ्यांचा. टेकडीवरचा शीवचा किल्ला या हद्दीवर नजर ठेवण्यासाठीच सतराव्या शतकात बांधला गेला. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस, जोनाथन डंकन गव्हर्नर असताना, खाडीवर बांध घालायचं काम निघालं आणि मुंबईतून पायी बाहेर पडायची सोय झाली. ज्याला आपण आज लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतो तो जुना आग्रा रोड इथूनच ठाण्याकडे निघतो. मुंबईहून नाशिककडे चालत जाणाऱ्याला शीव ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आजही नाही.

आजही, असं मी मुद्दाम म्हणतो. कारण या रस्त्यानं चालत जाणारे अजून आहेत आणि थोडेथोडके नाहीत. रामनवमीच्या आधी आठ-दहा दिवस गिरगाव, लालबाग, परळ, दादर भागातल्या मंडळांच्या शिर्डीच्या पायी पालख्या निघतात. सजवलेला रथ, मागे टेम्पोत भांडी आणि वळकट्या, पुढे ढोल-ताशा. ठाणे, पडघा, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, घोटी, सिन्नर आणि शिर्डी. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. मी शीवला चाळीसएक वर्षं राहतो, पेशानं इतिहासाचा शिक्षक होतो. निवृत्तीनंतर दोनदा या मंडळींबरोबर चाललो. भक्ती माझी बेताचीच. मला उत्सुकता होती ती एवढीच की, शेकडो माणसं वाटेत रोज रात्री झोपतात कुठं?

झोपतात शाळेच्या ओसरीवर, मंगल कार्यालयात, देवळाच्या सभामंडपात, एखाद्या संस्थेच्या भक्तनिवासात आणि काहीच नाही मिळालं तर ढाब्यामागच्या शेतात ताडपत्रीवर. चालणाऱ्यांची या जागांबद्दलची मतं मात्र अगदी ठाम असतात. पहाटे चारला निघताना आणि दुपारी उन्हात पडल्यापडल्या दुसऱ्या कसल्या गप्पा नसतातच. पायाचे फोड आणि कालचा मुक्काम, हे दोनच विषय. ‘त्या कार्यालयात पंखे होते, पण नळ दोन.’ ‘शाळा बरी, मास्तरांनी स्वतः उभं राहून वर्ग उघडून दिले.’ ‘भक्तनिवासाच्या खोल्या चकचकीत, पण रात्री दहाला फाटक बंद, मागून येणाऱ्यानं काय करायचं?’ मी ऐकत गेलो तसं एक लक्षात आलं. चालणाऱ्याला गादी लागत नाही. त्याला लागतं पाणी, आडोसा आणि दारावर नीट बोलणारा माणूस. बायकांचं म्हणणं याहून नेमकं होतं. जागा कशीही चालेल, पण संडासाला आतून कडी हवी आणि तिथवर जायच्या वाटेवर दिवा हवा. लालबागच्या एक आजी सलग बारा वर्षं चालत होत्या. त्यांनी प्रत्येक मुक्कामाची परीक्षा या दोनच गोष्टींवर केलेली होती आणि त्यांचा निकाल सगळी मंडळी मानत.

वाटसरूच्या मुक्कामाची सोय करणं हे आपल्याकडे किती जुनं आहे याचा पुरावा याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, उषवदाताचा शिलालेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई, म्हणजे आजपासून सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा माणूस. आपण काय काय दान केलं याची यादी त्यानं दगडात कोरून ठेवली आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी आपण चौसोपी विश्रामगृहं बांधून दिली, विहिरी आणि तळी खणली, असं तो सांगतो. डहाणूची, दमणची, तापी अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असंही सांगतो. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर. गोवर्धन नाशिकजवळचं आणि शूर्पारक म्हणजे आपलं नालासोपारा. म्हणजे कोकणातल्या बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत चालणाऱ्याला दोन्ही टोकांना उतरायला जागा होती आणि मधल्या नद्या ओलांडायला पैसे पडत नव्हते. आजच्या एखाद्या खात्यानं एवढं केलं तर वर्तमानपत्रात पानभर जाहिरात येईल.

मधली शतकं मी भराभर ओलांडतो. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या आपल्या कारकिर्दीत देशभरच्या तीर्थांच्या ठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, अन्नछत्रं घातली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली कोकणातून निघून पायी उत्तरेत गेले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’ वाचणाऱ्याला लढायांइतकीच त्या काळची मुक्कामांची, शिध्याची, ओळखीच्या घरांची गुंतागुंत कळते. पंढरीच्या वाटेची तऱ्हा आणखी वेगळी. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं, अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू दिले आणि वारीनं आपला मुक्काम आपल्याबरोबर न्यायची पद्धत पाडली. दिंडीची राहुटी दिंडीबरोबर चालते. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण अशी गावं ठरलेली, तळ ठरलेला.

मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी या शीववरूनच गेली. पुढे थळ घाट चढून रूळ इगतपुरीपलीकडे गेले आणि आठवड्याची वाट दिवसावर आली. वाटेवरच्या धर्मशाळा ओस पडल्या. नव्या उभ्या राहिल्या त्या स्टेशनाजवळ आणि तीर्थाच्या ठिकाणी.

इथवर ही गोष्ट दानशूरपणाची आहे आणि सहसा ती इथंच थांबवली जाते. पण धर्मशाळेच्या दारावर विचारला जाणारा पहिला प्रश्न कोणता होता? ‘किती जण आहात?’ हा नव्हे. ‘कोण तुम्ही?’ हा. पंढरपुरात, आळंदीत, नाशकात धर्मशाळा खूप होत्या, पण बहुतेक कुठल्या ना कुठल्या जातीच्या, समाजाच्या. ज्याच्या समाजाची धर्मशाळा नाही त्यानं वाळवंटात पडायचं. आणि अस्पृश्य मानलेल्यांना तर कुठंच दार उघडं नव्हतं. ज्या चोखोबांचे अभंग वाटेनं गात जायचं, त्यांच्याच जातीच्या वारकऱ्यानं मुक्कामाला मात्र उघड्यावर थांबायचं.

याचा अनुभव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवला आहे. १९०१ साली ते लहान असताना भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर घ्यायला कुणी आलं नव्हतं. मुलं महार आहेत हे कळल्यावर बैलगाडी मिळेना. दुप्पट पैसे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक गाडीवान कसाबसा तयार झाला. रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला. जवळ खायला होतं, पण पाणी नव्हतं. गाडीवानाच्या सल्ल्यानं आपण मुसलमान असल्याचं सांगूनही नाकेदारानं पाणी दिलं नाही आणि मुलं उपाशीच झोपली. पुढे ते अमेरिकेत शिकून आले, बडोदा संस्थानात नोकरीला गेले, तेव्हाही प्रश्न तोच होता: उतरायचं कुठं? पारशी मुसाफिरखान्यात त्यांनी पारशी नाव सांगून जागा घेतली, दिवसाला दीड रुपया ठरला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्याच दिवशी जागा सोडावी लागली. गाडीची वेळ होईपर्यंत हा उच्चशिक्षित अधिकारी बडोद्याच्या कामाठी बागेत बसून होता. मुक्कामाच्या जागेचा इतिहास लिहायचा तर उषवदाताच्या शिलालेखाशेजारी ही दोन पानंही ठेवायला हवीत, असं माझं मत आहे.

दादरला सिद्धिविनायकाकडे जाणारा रस्ता एस. के. बोले यांच्या नावानं आहे. रोज हजारो माणसं त्या पाटीखालून जातात. हे सीताराम केशव बोले मुंबई कायदे मंडळाचे सभासद होते. ४ ऑगस्ट १९२३ला त्यांचा ठराव मंडळानं मंजूर केला. सरकारी पैशानं बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांबरोबर धर्मशाळाही अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असं त्यात होतं. महाडचं चवदार तळं आपल्याला आठवतं ते याच ठरावाच्या आधारानं. १९२७चा सत्याग्रह त्यातूनच पुढे उभा राहिला. पण ठरावात धर्मशाळा हा शब्द आहे, हे आपण विसरलो. पाणी आणि रात्रीचा आसरा, प्रवासी माणसाच्या या दोन्ही गरजा बोल्यांनी एका वाक्यात बसवल्या होत्या. अंमलबजावणी मात्र जिथल्या तिथल्या संस्थांच्या मर्जीवर राहिली. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला तेव्हा धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे शब्द त्यात स्पष्ट घालावे लागले, ते उगाच नव्हे.

कायद्याची वाट न पाहता एका माणसानं आधीच काम सुरू केलं होतं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. हातात खराटा, डोक्यावर मडकं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचं काम हाती घेतलं. पुढे तिथंच मराठा धर्मशाळा झाली, नाशिकला, आळंदीला, देहूला धर्मशाळा झाल्या. लोकांनी बाबांना पैसे दिले, बाबांनी त्याच्या भिंती केल्या आणि स्वतः उघड्यावर झोपत राहिले. जातीच्या नावानं धर्मशाळा बांधून त्यांनी जातच पक्की केली, असा आक्षेप मी ऐकला आहे. मला तो पटत नाही. ज्यांना कुठलंच छप्पर नव्हतं त्यांच्यासाठी छप्पर आधी, वाद नंतर, असा त्यांचा व्यवहारी हिशेब असावा. आणि देऊळ कुठं खुलं होतं? विठ्ठलाचं दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं. म्हणजे चोखोबांच्या नावाची धर्मशाळा चोखोबांच्या देवाच्या दाराआधी तीसएक वर्षं उघडी होती. १९४९ साली गाडगेबाबांनी ती इमारत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे विद्यार्थ्यांसाठी सोपवली.

शिर्डीच्या वाटेवर दुसऱ्या वर्षी मी एका मुक्कामाच्या जागी नोंदवही पाहिली. गावाचं आणि संस्थेचं नाव सांगत नाही. नाव, गाव, माणसं किती, असे रकाने होते आणि चौथा रकाना जातीचा. आमच्यातला परळचा एक तरुण वही भरत होता. त्यानं पेन थांबवून विचारलं, ‘हे कशाला?’ देखरेखीचा माणूस वाईट नव्हता. ‘छापील वही आहे, पहिल्यापासून तशीच छापतात,’ म्हणाला. तरुणानं तो रकाना कोरा सोडला आणि मागच्या सगळ्यांनी सोडला. आम्हाला जागा मिळाली, पाणीही भरपूर होतं. पण रात्री त्या वहीवर बोलणं निघालंच. कुणी म्हणालं, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं. आजींनी त्या मुक्कामाला कडी आणि दिवा असूनही नापास केलं. कारण विचारल्यावर म्हणाल्या, ‘माझा सासरा चाळीस सालात पंढरीला गेला होता. त्याला हेच विचारलं होतं.’ पुढे काही बोलल्या नाहीत.

आता वाट उलटी झाली आहे. पूर्वी मुंबईची माणसं शीव ओलांडून बाहेर पडत आणि उतरायला जागा शोधत. आता गावाकडची माणसं शीव ओलांडून आत येतात आणि जागा शोधतात. परळचं टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं, आमचं शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय १९४७ साली. रुग्णाला खाट मिळते. बरोबर आलेल्या बायकोला, भावाला मिळत नाही. उपचार सहा-सहा महिने चालतात आणि या शहरात खोलीचं भाडं काय आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथं उतरतात, बंगाल, बिहार, ईशान्येकडूनसुद्धा आलेले. परवा गेलो होतो तेव्हा जिन्यात एक बाई नवऱ्याचे धुतलेले कपडे वाळत घालत होती. विदर्भातली. मी विचारलं, जागा कशी वाटते? ती म्हणाली, पाण्याची वेळ पक्की आहे आणि दारावरचा माणूस ओरडत नाही.