पीजचा एक किलोवॅट

18 सप्टेंबर 1969 रोजी भारताच्या अणुऊर्जा विभागाने आणि अमेरिकेच्या नासाने एक करार केला. एटीएस-6 हा अमेरिकी उपग्रह वर्षभर भारताला वापरायला मिळणार होता आणि त्यावरून खेड्यापाड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचवून पाहायचे होते. हाच पुढे ‘साइट’ या नावाने ओळखला गेलेला प्रयोग. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या काळात तो चालला. त्यासाठी सहा राज्ये निवडली होती: आंध्र प्रदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा, बिहार आणि राजस्थान.

या यादीत गुजरात नाही. तरीही साइटविषयीचे अहवाल वाचू लागलो की गुजरातमधला एक जिल्हा पुन्हा पुन्हा समोर येतो. तो जिल्हा खेडा, आणि त्यातले गाव पीज. नडियादजवळच्या या गावात एक किलोवॅट ताकदीचा प्रक्षेपक उभा राहिला आणि 1975 ते 1985 अशी दहा वर्षे चालला. भारतातले खऱ्या अर्थाने पहिले ग्रामीण दूरचित्रवाणी केंद्र म्हणून पीजचे नाव घ्यावे लागते. त्याची कहाणी मराठीत फारशी कोणी सांगितलेली नाही. ती सांगायची तर करार, मूल्यमापनाचे अहवाल, सरकारी समित्यांची कागदपत्रे आणि त्या प्रकल्पात काम केलेल्या मंडळींचे लेखन शेजारी ठेवूनच सांगावी लागते.

खेडा या प्रयोगात आला कसा? सहा राज्यांतल्या गावांत कार्यक्रम थेट उपग्रहावरून येत. त्यासाठी प्रत्येक गावात कोंबड्यांच्या जाळीसारख्या तारेची, सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री बसवलेली असे. पण एवढ्या मोठ्या देशासाठी हा एकच मार्ग पुरेल का, असा प्रश्न विक्रम साराभाई आणि त्यांचे सहकारी आधीपासूनच विचारत होते. दुसरा मार्ग होता मिश्र पद्धतीचा. उपग्रहावरचा कार्यक्रम एका जागी उतरवून घ्यायचा आणि तिथून जमिनीवरच्या साध्या प्रक्षेपकाने आसपासच्या गावांना द्यायचा. मग गावात नेहमीचा संच आणि छपरावरचा नेहमीचा अँटेना पुरतो. हा दुसरा मार्ग खेडा जिल्ह्यात तपासला गेला. उपग्रहाशी बोलणारे प्रायोगिक भूकेंद्र अहमदाबादेत 1967 पासूनच होते आणि इस्रोचे अवकाश उपयोग केंद्रही तिथलेच. पीज तिथून साधारण पन्नास किलोमीटरवर. अहमदाबादचा स्टुडिओ सूक्ष्मलहरींच्या दुव्याने पीजशी जोडला गेला.

साराभाईंना हे पाहायला मिळाले नाही. 30 डिसेंबर 1971 रोजी ते गेले. मात्र 1969 साली दिल्लीच्या एका परिषदेत त्यांनी ‘विकासासाठी दूरचित्रवाणी’ या विषयावर निबंध वाचला होता. नवे तंत्रज्ञान शहरांच्या आधी खेड्यांत पोचले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. तेव्हा देशात दूरचित्रवाणी होती ती फक्त दिल्लीत. मुंबईचे केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला त्याचे सहक्षेपण मिळू लागले. म्हणजे मुंबई-पुण्याच्या घरांत संच येऊन जेमतेम दोन-तीन वर्षे होत होती, तेव्हा खेडा जिल्ह्यातल्या शेतमजुरांच्या वस्त्यांपर्यंतही चित्र पोचले.

किती संच होते? इथे कागद एकमेकांशी जुळत नाहीत. एका ठिकाणी 443 गावे आणि 607 सार्वजनिक संच असा नेमका आकडा मिळतो, तर दुसऱ्या ठिकाणी सुमारे 400 गावे आणि 650 संच असा ढोबळ. पहिला आकडा मोजून लिहिल्यासारखा आहे, म्हणून मी तो धरतो. पण दोन्हींतून निघणारी एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: अनेक गावांत एकाहून जास्त संच होते. तेव्हाचा खेडा हा पाटीदारांच्या जमिनींचा आणि अमूलच्या दूध संघाचा जिल्हा. संच कोणाच्या घरात नसत. शाळा, पंचायत, दूध सोसायटी अशा सार्वजनिक जागी असत. आपल्याकडच्या कोणत्याही गावाची कल्पना करा. पंचायतीच्या ओट्यावर कोण निवांत बसतो, कोण कडेला उभा राहतो आणि कोण तिकडे फिरकतही नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक असते. अशा ठिकाणी दुसरा संच कोणत्या वस्तीत ठेवला जातो, याला फार अर्थ असतो. दूध सोसायटीची गोष्ट थोडी वेगळी होती. संध्याकाळी दूध घालायला सगळ्या जातींची माणसे, त्यातही बायका, तिथे यायच्याच. संच त्याच जागी असला की त्यासाठी वेगळी वाट वाकडी करावी लागत नसे.

रोज संध्याकाळी साधारण तासभर गुजराती कार्यक्रम असत. ते करण्याची रीत हा या केंद्राच्या इतिहासाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

त्या काळी कार्यक्रम ठरत ते स्टुडिओत. अधिकारी विषय ठरवायचे, तज्ज्ञ बोलायचे, निर्माता चित्रित करायचा. खेडा प्रकल्पात निर्मात्याच्या शेजारी समाजशास्त्रज्ञ बसला. संशोधक आधी गावात जाऊन राहत. लोकांना काय ठाऊक आहे, काय नाही आणि कोणती गोष्ट कोणाच्या भीतीने बोलली जात नाही, हे टिपून आणत. संहिता त्यावर लिहिली जाई. मग कार्यक्रम प्रक्षेपित करण्याआधी गावकऱ्यांना दाखवून पाहायचा. त्यांना कळला नाही, खोटा वाटला किंवा नको तो अर्थ निघाला, तर तो बदलायचा. खांद्यावर नेता येईल असा व्हिडिओ कॅमेरा तेव्हा नुकताच हाती आला होता. त्यामुळे शेतात, विहिरीवर, कचेरीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचे म्हणणे त्याच्याच बोलीत टिपता येऊ लागले. गावकऱ्यांनी भूमिका केल्या, काहींना संहिता लिहायला शिकवले गेले. बेला मोदी या तिथल्या संशोधक. प्रेक्षकाच्या सहभागातून संदेश कसा घडवावा यावर त्यांनी पुढे ग्रंथच लिहिला. बिनोद अग्रवाल या मानववंशशास्त्रज्ञाने साइटच्या सामाजिक मूल्यमापनाची बाजू सांभाळली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले केतन मेहता ‘भवनी भवाई’ करण्याआधी इथे निर्माता होते.

विषयही तसेच निवडले गेले. शेतमजुरांना मिळणारे आणि कायद्याने मिळायला हवे असलेले वेतन, अस्पृश्यता, दारूचे व्यसन, सहकारी संस्थांचा कारभार, पंचायतीच्या निवडणुका. ‘चतुर मोटा’सारख्या मालिका गावात आवडीने पाहिल्या गेल्या. किमान वेतनाचा कार्यक्रम कोणापुढे दाखवला जात होता, ते लक्षात घ्या. ज्याच्या शेतात राबायचे तो मालक आणि राबणारा मजूर एकाच ओट्यासमोर बसून तो पाहत होते. मालकाने आकडा ऐकला आणि मजुरानेही ऐकला. मजुराला तो आकडा मालकाच्या देखत कळला, हे माझ्या मते सगळ्यात मोठे. कागदावरचा कायदा गावात असा चारचौघांत उच्चारला गेला.

हे घडले त्या वेळी देशात आणीबाणी होती. 25 जून 1975 रोजी ती लागू झाली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच पीज सुरू झाले. त्या काळात आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारच्या प्रचाराला जुंपली गेली, आणि त्यातूनच 1977 मध्ये वर्गीस समिती नेमली गेली. 1978 साली ‘आकाशभारती’ या नावाने आलेल्या तिच्या अहवालाने स्वायत्त न्यास मागितला. मग खेडा प्रकल्पाला मोकळीक कुठून मिळाली? कार्यक्रमांचा मोठा भाग अवकाश उपयोग केंद्राच्या हातात होता आणि ते केंद्र अवकाश विभागाचे. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची सत्ता तिथे चालत नसे. जाहिरातींवर पोट अवलंबून नव्हते. यशपाल यांच्यासारखे संचालक पाठीशी होते. 1981 ते 1985 या काळात त्याच खुर्चीवर कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस होते. साइटच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा. हे स्वातंत्र्य कोणत्या कायद्याने दिलेले नव्हते. दोन खात्यांमधल्या फटीत ते मिळाले होते, आणि फटीत मिळालेले स्वातंत्र्य टिकवायला कोणताच कागद कामी येत नाही.

1984 साली युनेस्कोच्या संवादविकास कार्यक्रमाने खेडा प्रकल्पाला ग्रामीण संवादासाठी पुरस्कार दिला. पण तोवर भारताच्या दूरचित्रवाणीने वेगळी दिशा घेतली होती. 1982 मध्ये रंग आला, दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, पुढच्या वर्षी इन्सॅट-1बी अवकाशात गेला. 1984च्या उत्तरार्धात काही महिने दिवसाला एक या वेगाने छोटे प्रक्षेपक बसवले गेले. त्यातले बहुतेक शंभर वॅटचे होते आणि त्यांच्यापाशी स्टुडिओ नव्हता. दिल्लीहून येईल ते पुढे पाठवायचे, एवढेच त्यांचे काम. या विस्ताराने देशाच्या कानाकोपऱ्यांत चित्र पोचले, हे मोठे काम होते यात शंका नाही. पण गावातून परत काही येण्याची वाट त्यात नव्हती. पी. सी. जोशी समितीने दूरदर्शनच्या कार्यक्रमांवर दिलेल्या अहवालात या केंद्रीकरणाविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आणि स्थानिक निर्मितीचा आग्रह धरला. त्या आग्रहाचा चालता-बोलता नमुना पीजमध्ये उभा होता. त्याच्यासारखी दहा केंद्रे काढावीत, असा निर्णय कोणी घेतला नाही.

1985 मध्ये पीजचे प्रक्षेपण थांबवायचे ठरले. अहमदाबादेत जास्त ताकदीचा प्रक्षेपक आल्यामुळे खेडा जिल्ह्यातल्या गावांना चित्र मिळणारच होते. तांत्रिकदृष्ट्या कोणी वंचित राहत नव्हते, असा त्यामागचा हिशेब. पण गावकऱ्यांनी विरोध केला. लोकांनी निदर्शने केली ती करमणुकीसाठी नव्हती, कारण करमणूक तर आता वाढणार होती. त्यांना आपल्या विहिरीवरचे, आपल्या बोलीतले, आपल्या मजुरीविषयीचे कार्यक्रम हवे होते. विरोधाचा उपयोग झाला नाही. मोठ्या शहरांना दुसरी वाहिनी देण्याचे तेव्हा चालले होते; दिल्लीत ती 1984 साली सुरूही झाली होती. पीजचा एक किलोवॅटचा प्रक्षेपक उतरवून मद्रासला, तिथल्या दुसऱ्या वाहिनीसाठी नेण्यात आला.