ईम गावची नोंदवही

उंदीर पडला की घर सोडायचे, हा नियम माझ्या पणजीच्या काळी पुण्यात लहान मुलांनाही ठाऊक होता. १८९७ सालच्या प्लेगात आमच्या घरची माणसे गावाबाहेर माळावर झोपडी बांधून राहिली. परत आली तेव्हा काही कमी झाली होती. किती, ते आजी सांगे. सगळ्यांची नावे मात्र तिला सांगता येत नसत. ती कुठे लिहिलेलीच नव्हती. म्हणूनच की काय, इंग्लंडात जाण्याचा योग आला तेव्हा डार्बीशायरमधले ईम हे खेडे पाहायचेच, असे मी ठरवले.

आपल्याकडे वंशावळ हवी असली की त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची वही उघडतात. इंग्लंडात ते काम पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची, नोंदवही करते. १५३८ साली टॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. ईमची कहाणी अशा नोंदींमुळेच टिकली.

सप्टेंबर १६६५ मध्ये तिथल्या एका शिंप्याच्या घरी लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. तो उघडून वाळत घालणारा जॉर्ज व्हिकर्स थोड्याच दिवसांत दगावला. लंडनच्या प्लेगच्या पिसवा त्या कापडातून आल्या, असे मानतात. हिवाळ्यात साथ ओसरली. उन्हाळ्यात पुन्हा भडकली. पाद्री विल्यम मॉम्पेसन तरुण आणि गावाला नवखा. आधीचा पाद्री टॉमस स्टॅन्ली धर्ममतांच्या भांडणात पदावरून दूर झालेला, पण लोकांचा विश्वास त्याच्यावर. दोघांनी वैर बाजूला ठेवले आणि जून १६६६ मध्ये गावाला पटवले, की हद्द कोणी ओलांडायची नाही.

बाहेरचे लोक हद्दीच्या दगडापाशी धान्य ठेवीत. गावकरी दगडाच्या खळग्यात व्हिनेगर ओतून त्यात पैसे टाकीत. चॅट्सवर्थहून डेव्हनशायरच्या अर्लने शिधा पाठवला. चर्च बंद करून प्रार्थना उघड्या दरीत होऊ लागली. मेलेल्यांना ज्याचे त्याने आपल्या शेतात पुरायचे. एलिझाबेथ हॅन्कॉक या बाईने ऑगस्टमधल्या आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली. त्या थडग्यांभोवती आता दगडी कुंपण आहे. मी तिथे उभा राहिलो, पण फार वेळ उभे राहवले नाही.

चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसे गेली. मॉम्पेसनची पत्नी कॅथरीनही ऑगस्टमध्ये गेली. मात्र त्याने आपली मुले हद्द बंद होण्यापूर्वीच गावाबाहेर पाठवली होती. हे कळल्यावर मला आधी राग आला. मग वाटले, आपल्यापैकी कोणी वेगळे केले असते? ज्यांना मुले पाठवायला जागाच नव्हती, त्यांच्या त्यागाचे मोल मात्र त्यामुळे वाढते.

गंमत अशी, की प्लेग पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमॉने दाखवले ते १८९८ मध्ये, कराचीत. म्हणजे माझ्या घरची माणसे माळावर गेली त्यानंतर. २०१६ साली शास्त्रज्ञांनी ईमच्या नोंदींवरून हिशेब मांडला, की तिथली बरीचशी लागण माणसाकडून माणसाला झाली असावी. तसे असेल तर हद्दीने आत अडकलेल्यांना वाचवले नाही. आसपासच्या गावांना वाचवले.

गावातल्या प्लेगच्या घरांसमोर आज पाट्या आहेत आणि पाट्यांवर मेलेल्यांची नावे आहेत. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी लोक त्याच दरीत जमून त्यांचे स्मरण करतात. साडेतीनशे वर्षांनंतरही एखादा शेतमजूर तिथे नावाने ओळखला जातो.

परत आल्यावर मी एक वही केली. आजीकडून ऐकलेली चार नावे लिहिली. पाचव्या ओळीवर ‘तान्ही मुलगी’ एवढेच लिहिता आले. यंदा भाऊबीजेला सगळे जमतील, तेव्हा ती वही फराळाच्या ताटांशेजारी ठेवणार आहे. कुणाला तरी तिचे नाव आठवेल, अशी आशा आहे.