पाली शिकण्यासाठी समुद्रापार : धर्मानंद कोसंबी यांचा भाषाप्रवास

१/ भाषा शिकायची तर ती जिथे नांदते तिथे जाऊन राहावे, असे आपण नेहमी ऐकतो. पण भारतात जन्मलेली भाषा शिकण्यासाठीच भारताबाहेर जावे लागले तर? विसाव्या शतकाच्या आरंभी गोव्यातील एका तरुणाने हेच केले. धर्मानंद कोसंबी आणि पाली भाषा यांच्याविषयीचा हा धागा. #इतिहास #धागा

२/ धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण बेताचेच. एका मराठी बालमासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धाविषयी मुळातून जाणून घेण्याची ओढ लागली. १८९९ च्या अखेरीस पत्नी व लहान मुलीला मागे ठेवून त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर असा प्रवास करीत ते काशीला पोहोचले.

३/ काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. परंतु बुद्धवचनांचा सर्वांत जुना उपलब्ध संग्रह, म्हणजे त्रिपिटक, पालीत आहे आणि पारंपरिक पाठशाळांत पालीला स्थान नव्हते. १९०२ मध्ये ते मोठ्या आशेने नेपाळात गेले. तेथेही निराशाच पदरी आली. अखेर बुद्धगया व कलकत्ता या मार्गाने ते सिंहलद्वीपाकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडे निघाले.

४/ सिंहलद्वीपच का? भारतात बौद्ध विहार ओस पडत गेले, तसा पालीच्या पठणपाठणाचा धागाही तुटला. सिंहलद्वीप, ब्रह्मदेश व सयाम येथे मात्र भिक्षुसंघाने तो जपला. ब्रह्मदेशाचा राजा मिंडोन याने तर मंडाले येथे संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरवून घेतले होते. ते काम १८६८ मध्ये पूर्ण झाले.

५/ युरोपीय पंडितांची वाटही याच बेटावरून गेली. पालीचा मोठा कोश रचणारे रॉबर्ट चिल्डर्स आणि १८८१ मध्ये लंडनमध्ये पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन करणारे ऱ्हीस डेव्हिड्स हे दोघेही सिलोनच्या मुलकी सेवेतील अधिकारी होते. स्थानिक भिक्षूंच्या सहवासातच त्यांची पालीशी ओळख झाली. पुढे ग्रंथालयांत बहरलेल्या विद्येची मुळे विहारांत होती, हे विसरता कामा नये.

६/ कोलंबोतील विद्योदय परिवेण ही हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी १८७३ मध्ये स्थापन केलेली विद्यापीठवजा पाठशाळा. धर्मानंद तेथे विद्यार्थी झाले. सुमंगलाचार्य संस्कृतचेही जाणकार होते, त्यामुळे काशीत कमावलेली विद्या येथे कामी आली. धर्मानंदांनी त्यांच्याकडूनच श्रामणेर दीक्षा घेतली. शिष्याने आता विहाराच्या दिनक्रमातच प्रवेश केला होता.

७/ विहारात राहण्याचा पहिला लाभ श्रवणाचा. तेथे पाली केवळ पोथीत नव्हती. त्रिशरण, पंचशील, परित्राणपाठ, दीक्षाविधी हे सारे पालीतच चालत असे. व्याकरणाच्या पुस्तकातून शब्दाचे रूप कळते. पण वाक्य कोठे थांबते, कोणत्या शब्दावर भर पडतो, हे रोजच्या पठणातूनच कानांवर पडते.

८/ दुसरा लाभ लिपीचा. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत, सयामात तेथील लिपीत. देवनागरीतील छापील साहित्याची तेव्हा वानवा होती. त्या त्या देशात राहून लिपी आत्मसात करणाऱ्यालाच तेथील ग्रंथभांडार खुले होत असे. धर्मानंद सिंहलद्वीपानंतर ब्रह्मदेशात गेले, याचे महत्त्व या दृष्टीनेही मोठे आहे.

९/ तिसरा लाभ अर्थाचा. संस्कृत जाणणाऱ्याला पाली सोपी वाटते: धर्म म्हणजे धम्म, निर्वाण म्हणजे निब्बान. गफलत होते ती येथेच. मराठीत 'वेदना' म्हणजे पीडा. पालीत मात्र वेदना तीन प्रकारची: सुखद, दुःखद आणि सुखदुःखरहित. 'सति' म्हणजे स्मृती खरी, पण ध्यानपरंपरेत ती जागरूकता आहे. ओळखीचा शब्दच अशा वेळी चकवतो.

१०/ हे अर्थ कोशात सापडतात. पण त्यांचे वजन समजते ते त्या शब्दांच्या आधारे जगणाऱ्यांमध्ये राहून. ब्रह्मदेशात धर्मानंद केवळ ग्रंथ वाचत राहिले नाहीत. सगाइंगच्या डोंगरातील गुहेत एका ज्येष्ठ भिक्षूंकडून त्यांनी ध्यानाचे शिक्षण घेतले. ञाणतिलोक हे जर्मन भिक्षू त्यांचे सहाध्यायी होते. एक गोमंतकीय आणि एक जर्मन, दोघेही परक्या भूमीवर एकाच विद्येचे विद्यार्थी!

११/ १९०६ च्या सुमारास ते कलकत्त्यास परतले आणि तेथे पाली शिकवू लागले. पण ही विद्या मराठी माणसापर्यंत पोहोचावी, ही त्यांची तळमळ होती. महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी सयाजीराव गायकवाडांनी दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा कलकत्त्यातील २५० रुपयांच्या वेतनावर त्यांनी पाणी सोडले. बडोद्यातील व्याख्यानांतून 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक सिद्ध झाले.

१२/ १९१० मध्ये त्यांना हार्वर्डचे बोलावणे आले. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनाने 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचे संपादन अपुरे राहिले होते. त्याची हस्तलिखिते सिंहली व बर्मी लिपीतील होती. कोलंबो आणि ब्रह्मदेशातील शिदोरी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये उपयोगी पडली. श्रेयाच्या प्रश्नावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले. तो ग्रंथ निघाला १९५० मध्ये, धर्मानंदांच्या निधनानंतर ३ वर्षांनी.

१३/ अमेरिकेहून परतल्यावर १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. पु. वि. बापट यांच्यासारखे अभ्यासक याच परंपरेतून घडले. ज्या विद्येसाठी एका तरुणाला समुद्र ओलांडावा लागला, ती आता पुण्याच्या वर्गात बसून शिकता येऊ लागली. एकाच्या परदेशवासाचे फळ एका पिढीला मिळाले.

१४/ मूळ भाषा आल्याने इतिहासाचे प्रश्नही बदलतात. वृद्ध, रुग्ण, शव आणि संन्यासी पाहून गौतमाने गृहत्याग केला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. धर्मानंदांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात तिच्याकडे चिकित्सकपणे पाहिले. सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्तात, आपसांत झगडणाऱ्या माणसांना पाहून वाटलेला उद्वेग बुद्ध स्वतः सांगतात. धर्मानंदांनी त्या साक्षीला महत्त्व दिले.

१५/ शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा कलह आणि गौतमाचा गृहत्याग यांचा संबंध पुढे डॉ. आंबेडकरांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथातही आढळतो. अनुवादावर विसंबणारा वाचक परंपरेने निवडलेली कथा वाचतो. मूळ भाषा जाणणाऱ्याला दोन कथा शेजारी ठेवून कोणती आधीची, हे विचारता येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला भाषा हवी ती याचसाठी.

१६/ या प्रवासाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. धर्मानंद देशोदेशी शिकत असताना संसाराचा भार घरी राहिलेल्या पत्नीवर, बाळाबाईंवर पडला. विद्येसाठी घर सोडण्याची मुभा त्या काळी पुरुषालाच होती. धर्मानंदांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र (१९२४) जरूर वाचावे. वाचताना, ज्यांना आपले निवेदन लिहिता आले नाही त्यांचाही विचार मनात ठेवावा.

१७/ आज पाली त्रिपिटक देवनागरीतही उपलब्ध आहे. तरीही आपणांपैकी कोणी शिक्षणासाठी परदेशी असाल, तर तेथील भाषा केवळ बाजारहाटापुरती शिकू नका. तेथील वृद्धांशी बोला, लिपी शिका, ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा अर्थ पुन्हा विचारा. मराठीत अद्याप न आलेले पुष्कळ काही तुमच्या हाती लागेल. (समाप्त)