माशांचा उन्हाळा



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत माशांविषयी बोलावे, ह्याचे पुष्कळांना नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, रात्री. तेव्हा शास्त्रज्ञाच्या अधिकाराने आम्ही बोलत नाही. एका तंट्याने आम्हाला ह्या विषयाकडे ढकलले. तो तंटा आधी सांगतो.

मढीची जत्रा उलटली की आपल्या पाथर्डीच्या बाजूची तळी झपाट्याने उतरू लागतात. बऱ्याच वर्षांमागे, अशाच एका वैशाखात, जवळच्या एका गावच्या तळ्यात पहाटे मासे उताणे तरंगताना दिसले. ठेका घेणाऱ्यांचे वर्षाचे उत्पन्न एका रात्रीत बुडाले. विष घातले, असा बोभाटा झाला. ऊसतोडीहून परतलेला एक तरुण तळ्यावर राखणीला होता. मजुरीच्या बाकीवरून त्याची ठेकेदारांशी बोलाचाली झालेली. मासे पहाटे मेले, म्हणजे रात्री कोणी तरी काही तरी केले, आणि रात्री तेथे होता तो हाच. गावाला एवढा पुरावा पुरेसा वाटला.

आम्ही चाळीसएक माणसे घेऊन गेलो, पुरावा दाखवा म्हणून गर्जलो, आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ दिले नाही. त्याच वेळी काठच्या चिखलात पोरे जिवंत मरळी पकडत होती. आम्ही ते पाहिले आणि पाहून विसरलो. तरुण सुटला, पण आवाजाने सुटला, खुलाशाने नव्हे. संशय गावात राहिला. पुढच्या हंगामाला तो टोळीबरोबर गेला तो परत आला नाही. मासे कशाने मेले, ह्या प्रश्नाने आमचा पिच्छा मात्र सोडला नाही.

ह्या प्रश्नाचा इतिहास फार जुना नाही. आपल्या मुलखातील माशांची पहिली शास्त्रीय मोजदाद कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने केली. मुंबई सरकारने १८२४ साली त्याला दख्खनची माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले होते. त्याचा दख्खनच्या माशांवरील निबंध १८४१ साली छापून निघाला. खुदरी, कोळस ही आपल्या नदीकाठची नावेच त्याने लॅटिन नामावळीत घातली, आणि ती आजही टिकून आहेत. नावे सांगणारे भोई-कोळी मात्र त्या नामावळीत नाहीत. असो. साइक्सने मासा ओळखला. त्याच्या शरीरात उन्हाळा काय करतो हा प्रश्न पुढच्या शतकाचा.

माणसाचे अंग बाहेर थंडी असो की ऊन, जवळजवळ एकाच उष्णतेवर राहते. बहुतेक माशांचे तसे नाही. पाणी जेवढे तापेल तेवढाच मासा तापतो. ऑगस्ट क्रोग ह्या डॅनिश शास्त्रज्ञाला १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने १९१४ साली सोनमाशाचा श्वास निरनिराळ्या तापमानांवर मोजून दाखवला. पाणी तापत गेले तसा मासा अधिकाधिक प्राणवायू खर्च करू लागला. ढोबळ मानाने, दहा अंश वाढले की खर्च दुप्पट, कधी त्याहूनही अधिक.

आता जमेची बाजू पाहा. समुद्रसपाटीला वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांवर सुमारे साडेसात, आणि पस्तीस अंशांवर सुमारे सातच. म्हणजे गरज वाढते नेमकी त्याच वेळी पुरवठा घटतो. महागाई चढत असता मजुरी उतरावी, तसाच हा प्रकार.

कॅनडातील टोरोंटोच्या फ्राय ह्या शास्त्रज्ञाने १९४७ साली हा हिशेब पुरा केला. मासा जास्तीत जास्त किती प्राणवायू घेऊ शकतो त्यातून निव्वळ जिवंत राहण्याचा खर्च वजा करावा. उरते त्यावर पोहणे, अन्न पचवणे आणि वाढणे चालते. पाणी फार तापले की ही शिल्लक आटत जाते. मासा कल्ल्यांतून भराभर पाणी ओढतो, हृदय जलद चालते. रक्तात ताणाचे संप्रेरक व साखर वाढते, यकृतातला साठा मोडावा लागतो. वाढ खुंटते, रोगाशी झुंजण्याचे बळ कमी होते. शेवटी हृदयाची लय चुकते. मरणाआधी असे पुष्कळ दिवसांचे झिजणे असते, आणि काठावरून ते कोणाला दिसत नाही.

आपल्या तळ्यांतले कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेकडचे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल येथे डॉ. हीरालाल चौधरी आणि डॉ. अलीकुन्ही ह्यांनी पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांचे प्रजनन घडवले. तेव्हापासून नदीतून बीज गोळा करण्यावर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही, आणि दूरदूरच्या तळ्यांना बीज पुरवता येऊ लागले. मुंबईस १९६१ साली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था निघाली. तिच्या शास्त्रज्ञांनी २००४ साली ह्याच तीन जातींवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मासे चार निरनिराळ्या तापमानांना सरावून पाहिले. अधिक उष्ण पाण्याला सरावलेल्या माशांनी अधिक उष्णता सोसली. परंतु त्यांचा प्राणवायूचा खर्चही वाढला. सवयीने सोसता येते, पण फुकट सोसता येत नाही, हे आमच्यासारख्यांनी तर विसरूच नये. आपल्या जवळ, बारामतीच्या माळेगावात, २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली. खाद्यात सेलेनियमसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात घालून माशाचा उष्णतेचा ताण हलका होतो काय, ह्याचे प्रयोग तेथे झाले आहेत.

आता त्या पहाटेकडे वळू. उथळ, हिरव्या पाण्यात सूक्ष्म शेवाळ दाटलेले असते. दिवसा ते प्राणवायू देते. रात्री तेच, आणि तळचा कुजका गाळही, प्राणवायू खातात. म्हणून पाण्यातला प्राणवायू सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असतो. मासे पहाटे मरतात ते ह्यामुळे. त्यासाठी रात्री कोणी यावे लागत नाही. अशा वेळी मासे वर येऊन तोंड वासतात, आणि बहुधा मोठे आधी जातात. मरळ मात्र पाण्याबाहेरची हवाही घेऊ शकते, म्हणून ती तगते. सगळ्या तळ्यात विष कालवले असते तर मरळीही वाचणे कठीण होते. त्या तरुणाची साक्ष चिखलात तडफडत होती, आणि आम्हाला ती वाचता आली नाही. चाळीस माणसांच्या आरड्याऐवजी एवढी एक गोष्ट शांतपणे सांगता आली असती, तर संशयच उरला नसता.

म्हणून ठेका घेणाऱ्या बंधूंना विनंती आहे. पाणी फार उतरण्याआधीच मोठे मासे काढून विका. मासे वर येऊ लागले की खाद्य आणि शेणखत थांबवा. पंप असेल तर तो दुपारी नव्हे, उत्तररात्री चालवून पाणी खळबळवा. आणि एखाद्या पहाटे मासे तरंगलेले दिसलेच, तर राखणदाराची गचांडी धरण्यापूर्वी काठच्या चिखलात मरळ जिवंत आहे काय ते पाहा. पाणी तपासायला पाठवा. मग बोला.