पहिल्या पावलाचा इतिहास : डाउन सिंड्रोम आणि व्यायामोपचार

#थ्रेड

१/ १८५८ साली जॉन लँग्डन डाउन हे तरुण डॉक्टर इंग्लंडच्या सरे परगण्यातील अर्ल्सवुड येथील संस्थेचे अधीक्षक झाले. ‘मंदबुद्धी’ ठरवलेली माणसे तेथे ठेवली जात. त्यांना काही शिकवता येईल, यावर त्या काळी फार थोड्यांचा विश्वास होता.

२/ १८६६ मध्ये डाउन यांनी एक निबंध लिहिला. विशिष्ट चेहरेपट्टीच्या मुलांचे त्यांनी अचूक वर्णन केले, पण त्यांचा संबंध ‘मंगोल’ वंशाशी जोडला. या चुकीतून रूढ झालेले अपमानास्पद नाव जवळजवळ शंभर वर्षे टिकले.

३/ त्याच निबंधात आणखी एक निरीक्षण होते. या मुलांच्या हालचालींत मेळ कमी असतो. मात्र पद्धतशीर सरावाने तो पुष्कळ वाढवता येतो. जगाने चूक उचलली, निरीक्षण मागे पडले.

४/ स्नायू व इंद्रियांच्या सरावातून शिक्षण देता येते, हे पॅरिसमध्ये एदुआर सेगँ यांनी त्याआधीच मांडले होते. त्यांचा ग्रंथ १८४६ सालचा.

५/ १९५९ मध्ये पॅरिसमध्येच खरे कारण उलगडले : २१व्या गुणसूत्राची तिसरी प्रत. या शोधाशी जेरोम लेज्यून आणि मार्थ गोतिये यांची नावे निगडित आहेत. १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने जुने नाव सोडले.

६/ या मुलांचे स्नायू शिथिल व सांधे सैल असतात. तोल सावरण्यासाठी ती पाय फाकवून, गुडघे ताठ ठेवून उभी राहतात. चालायला बहुधा दोन वर्षे लागतात. चुकीची ढब अंगवळणी पडण्यापूर्वीच योग्य हालचाल रुजवणे, हे फिजिओथेरपीचे काम.

७/ १९८६ मध्ये एस्थर थेलन यांनी दाखवले, की सरकत्या पट्ट्यावर आधार देऊन धरलेले सात महिन्यांचे बाळही आळीपाळीने पावले टाकते.

८/ हाच धागा धरून डेल उलरिक व सहकाऱ्यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या ३० बाळांचा अभ्यास केला. त्यातील एका गटाच्या घरी छोटी ट्रेडमिल दिली. पालकांनी आठवड्यातून पाच दिवस, रोज आठ मिनिटे सराव करून घेतला. २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : हा गट सरासरी १०१ दिवस आधी स्वतंत्रपणे चालू लागला.

९/ व्यायामाने गुणसूत्र बदलत नाही. पण लवकर चालणारे मूल लवकर वस्तूंपर्यंत, माणसांपर्यंत पोहोचते. १८६६ मध्ये जो सराव संस्थेच्या भिंतींआड होता, तो २००१ मध्ये आईवडिलांच्या हाती, घरात आला.

#इतिहास #मराठी