झडती घेणे आणि झडती देणे : चिंतामणराव देशमुख यांचा उत्तरदायित्वविषयक विचार

'झडती' या शब्दाच्या इतिहासात राज्यव्यवहाराचे दोन विरुद्ध अर्थ एकत्र नांदलेले दिसतात. आजच्या बोलण्यात झडती 'घेतली' जाते. ती घराची, अंगाची अथवा सामानाची असते आणि घेणारा बहुधा सरकारी शिपाई असतो. जुन्या हिशेबी व्यवहारात झडती 'दिली'ही जात असे. हाती सोपविलेल्या रकमेचा जमाखर्च मांडून, उरलेली बाकी दाखवून, कारकुनाने अगर कारभाऱ्याने धन्यापुढे मोकळे व्हावयाचे, हा त्या प्रयोगाचा आशय. कालांतराने घेण्याचा अर्थ टिकला, देण्याचा मागे पडला. ती उणीव भरून काढण्यासाठी 'उत्तरदायित्व' हा संस्कृत घडणीचा शब्द योजावा लागला. कारण 'जबाबदारी' या शब्दात एव्हाना केवळ कामाचा भार एवढाच अर्थ प्रबळ झाला होता आणि त्यातील 'जबाब' बहुतेकांस ऐकू येईनासा झाला होता. स्वातंत्र्योत्तर काळातील पहिल्या लोकसभेत कुलाबा जिल्ह्याचे प्रतिनिधी असलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांच्या राजकीय विचाराचे मर्म या दोन क्रियापदांच्या भेदावरून बरेचसे उलगडते.

त्या मतदारांची पूर्वपीठिका ध्यानात घेण्यासारखी आहे. राजपुरीच्या खाडीच्या उत्तर तीरावर आगरदांडा आणि दक्षिण तीरावर त्याच्या समोर दिघी, अशी ही दोन लहान बंदरे. ('आगर' म्हणजे मिठागर, तसेच नारळी-पोफळीची बागही, 'दांडा' म्हणजे पाण्यात शिरलेली जमिनीची पट्टी. किनाऱ्यावरील पुष्कळ ग्रामनामे याच दोन शब्दांनी बनली आहेत.) हा सर्व मुलूख शतकानुशतके जंजिऱ्याच्या सिद्दींच्या सत्तेखाली होता. १८७० च्या सुमारास नबाबाच्या कारभाराविषयी, विशेषतः फौजदारी न्यायाविषयी, तक्रारी वाढल्या, तेव्हा मुंबई सरकारने त्याचे फौजदारी अधिकार काढून घेऊन तेथे आपला अधिकारी नेमला. म्हणजे नबाबाला झडती द्यावी लागली हे खरे. पण ती मुंबईच्या सरकारला, आगरदांड्याच्या आगऱ्याकोळ्यांना नव्हे. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन कुलाबा जिल्ह्यात समाविष्ट झाले. १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, चार वर्षांपूर्वीपर्यंत संस्थानी प्रजा असलेल्या या लोकांनी प्रथमच दिल्लीच्या संसदेसाठी मतदान केले. कुलाब्यातून निवडून आलेले काँग्रेसचे उमेदवार त्या वेळी केंद्रीय अर्थमंत्री होते.

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी याच जिल्ह्यात, रायगडाजवळील नाते या गावी झाला. त्यांचे बालपण रोह्याकडे गेले. तेथून पश्चिमेस डोंगर ओलांडला की जंजिरा संस्थानची हद्द लागत असे. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. पुढे केंब्रिज, १९१८ ची सनदी सेवेची परीक्षा, मध्यप्रांत व वऱ्हाडातील नोकरी आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद (त्या जागी बसलेले ते पहिले भारतीय) हा क्रम सर्वविदित आहे. १९५० च्या जून महिन्यात ते अर्थमंत्री झाले.

त्यांना 'परंपरानिष्ठ' अथवा इंग्रजी परिभाषेतील 'कॉन्झर्व्हेटिव्ह' म्हणावे की काय, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि भारतीय जनसंघ यांनी त्यांना उमेदवारी दिली, एवढ्यावरून त्यांस उजव्या गटात बसविण्याची प्रथा आहे. परंतु इंपीरियल बँकेची स्टेट बँक करणारे (१ जुलै १९५५) आणि आयुर्विमा सरकारी मालकीचा करणारे अर्थमंत्री तेच होते. सामाजिक आचारातही त्यांस सनातनी म्हणता येणार नाही. १९५३ मध्ये दुर्गाबाईंशी त्यांनी केलेला विवाह हे त्याचे पुरेसे प्रमाण आहे. त्यांची परंपरानिष्ठा होती ती कार्यपद्धतीविषयीची. निर्णय कोणी घ्यावयाचा, तो कोणत्या कागदावर नोंदवावयाचा, त्याचे उत्तर कोणी व कोणापुढे द्यावयाचे, यांविषयीच्या जुन्या नियमांना ते निर्णयाच्या आशयाइतकेच महत्त्व देत. सनदी नोकराची ही वृत्ती लोकप्रतिनिधीच्या अंगी आली म्हणजे ती पक्षाला अडचणीची होते.

झडती घेण्याच्या बाबतीत देशमुख मुळीच सौम्य नव्हते. कंपन्यांच्या व्यवहारावर सरकारी देखरेख वाढविणारा १९५६ चा कायदा त्यांच्याच कारकीर्दीत झाला. आयुर्विम्याच्या बाबतीत तर त्यांनी कमालीची गुप्तता राखली. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि १५४ भारतीय व १६ परदेशी विमा कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट संस्था यांचे व्यवस्थापन सरकारने ताब्यात घेतले. विमेदारांचा पैसा संचालकांनी आपल्याच इतर धंद्यांत वळविल्याची उदाहरणे उघडकीस आली होती. आगाऊ सूचना मिळती तर दप्तरे बदलण्यास अवधी मिळता, हे या गुप्ततेचे समर्थन होते आणि ते पटण्याजोगे आहे. मात्र या कृतीने लक्षावधी विमेदारांची ठेव शासनाच्या हाती आली, आणि आता शासनाची झडती कोण घेणार हा प्रश्न त्याच क्षणी उत्पन्न झाला.

योगायोग असा की, त्याच आठवड्यात त्या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने रक्तरंजित रूप आले. १६ जानेवारी रोजी मुंबई शहर केंद्रशासित करण्याची घोषणा झाली; मुंबईत दंगल उसळली, पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेक माणसे प्राणास मुकली. देशमुखांनी राजीनाम्याची इच्छा तेव्हाच प्रकट केली होती. तो प्रत्यक्ष स्वीकारला गेला जुलैमध्ये. २५ जुलै १९५६ रोजी त्यांनी लोकसभेत केलेले निवेदन सामान्यतः संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात उद्धृत होते, आणि ते साहजिकच आहे. तथापि मराठी अस्मितेचा दस्तऐवज म्हणूनच ते वाचल्याने त्यातील घटनात्मक भाग झाकोळून गेला आहे. त्यात तीन स्वतंत्र आरोप आहेत. जूनमध्ये पंतप्रधानांनी मुंबईविषयी जी नवी घोषणा केली तिचा मंत्रिमंडळात विचार झाला नव्हता, टिपण फिरविले गेले नव्हते, आणि या प्रश्नाशी निकट संबंध असलेल्या मंत्र्यालाही विचारले गेले नव्हते. ही रीत बेपर्वा आणि घटनाबाह्य होय, हा पहिला आरोप. मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारण्यात आली, हा दुसरा. महाराष्ट्राविषयी आकस बाळगला जातो, हा तिसरा. गाजला तो तिसरा. वादाचा होता तोही तिसराच, कारण आकस हा मनाचा धर्म असल्याने तो सिद्ध करणे कठीण आणि नाकारणे सोपे. नेहरूंनी तो ठामपणे नाकारला. पहिल्या आरोपावर, पंतप्रधान हा सरकारचा कणा असून त्याला धोरण जाहीर करता येत नाही असे म्हणणेच विपरीत आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. संसदीय प्रघाताच्या दृष्टीने या उत्तरात काही तथ्य आहे. परंतु सामुदायिक जबाबदारीचे तत्त्व मान्य केल्यावर, ज्या निर्णयात आपला विचारच घेतला गेला नाही त्याचे उत्तर मंत्र्याने लोकांपुढे कोणत्या तोंडाने द्यावे, हा देशमुखांचा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही.

दुसरा आरोप प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. ज्या माणसाने सहा महिन्यांपूर्वी पावणेदोनशे विमा कंपन्यांची दप्तरे एका रात्रीत ताब्यात घेतली, तोच आता सरकारी बंदुकीचे दप्तर न्यायाधीशापुढे मांडा असे म्हणत होता. या दोन भूमिकांत विसंगती नाही. दुसऱ्याचा पैसा अगर दुसऱ्याचा जीव ज्याच्या हाती आहे त्याने हिशेब दिला पाहिजे, हे एकच सूत्र दोहोंत आहे. १९५७ च्या निवडणुकीत कुलाब्याची जागा काँग्रेसच्या हातून निसटून शेतकरी कामगार पक्षाकडे गेली. देशमुख तोवर विद्यापीठ अनुदान मंडळाच्या अध्यक्षपदी गेले होते.

ते अर्थखात्यातून बाहेर पडल्यावर वर्षभरातच, जून १९५७ मध्ये, त्यांनीच पाया घातलेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले; महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारले गेले नव्हते. लोकसभेत प्रश्न उपस्थित केला तो सत्तारूढ पक्षाच्याच फिरोझ गांधींनी. न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली, ती काही आठवड्यांत संपविली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. साक्षी ऐकण्यास सामान्य नागरिकांची गर्दी लोटत असे. स्वतंत्र न्यायाधीश आणि उघडे दार या दोन गोष्टी जुळून आल्या तर काय घडते, याचे ते प्रात्यक्षिक होते.

१९५९ च्या जुलै महिन्यात मद्रास येथील व्याख्यानात देशमुखांनी हाच नमुना कायम स्वरूपात मागितला. उच्च पातळीवरील, निःपक्षपाती, स्थायी न्यायाधिकरण असावे. सत्ताधाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींची त्याने चौकशी करावी व अहवाल द्यावा. असे न्यायाधिकरण नेमले तर आपण स्वतः पाच-सहा प्रकरणे त्यापुढे ठेवण्यास सिद्ध आहोत, असेही त्यांनी सांगितले. नेहरूंना ही सूचना मान्य झाली नाही. अशा यंत्रणेमुळे संशय, आरोप आणि प्रत्यारोप यांचेच वातावरण माजेल, असे त्यांचे म्हणणे होते. ही भीती अगदीच निराधार नव्हती. पुढील काळात चौकशी आयोगांचा राजकीय शस्त्र म्हणून झालेला वापर पाहता ती दूरदृष्टीचीही म्हणता येईल. शिवाय देशमुखांनी ती प्रकरणे जाहीर न करता न्यायाधिकरणाची अट घातली, यामुळे त्यांच्यावर मोघमपणाचा आक्षेप आला. पण त्यांच्या बाजूने पाहिले तर ही अट म्हणजेच त्यांच्या मागणीचा गाभा होता. त्या वेळी अशा तक्रारींचा तपास करणारे हात होते ते १९४६ च्या कायद्याखालील विशेष पोलीस दलाचे, म्हणजे शासनाच्याच आज्ञेतील. मंत्र्याविरुद्धची तक्रार मंत्र्याच्या हाताखालील पोलिसाकडे देणे म्हणजे कारकुनाने आपली झडती आपणच तपासणे होय.

येथे 'पाळत' आणि 'चौकशी' यांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. पाळत गुप्त असते. तिच्यातून हाती आलेली माहिती ठेवणाऱ्याच्या मुठीत राहते आणि ती केव्हा उघड करावी, केव्हा दडपावी, हे तोच ठरवितो. चौकशीत आरोपीलाही बोलता येते आणि निष्कर्ष लिहून द्यावा लागतो. भ्रष्टाचारावर उपाय म्हणून शासनाने १९६२ मध्ये संथानम समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला. त्याआधी १९६३ मध्ये विशेष पोलीस दलाचे केंद्रीय अन्वेषण विभागात रूपांतर झाले. यांतील प्रत्येक पायरीने पाळतीचे सामर्थ्य वाढविले. मंत्र्यांविषयीचे स्वतंत्र न्यायपीठ मात्र मागेच राहिले. १९६६ मध्ये प्रशासन सुधारणा आयोगाने लोकपाल व लोकायुक्त यांची शिफारस केली. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा करून लोकायुक्त नेमण्यात पुढाकार घेतला, परंतु त्याचा अधिकार शिफारशीपुरताच राहिला. केंद्रीय लोकपालाचा कायदा २०१३ मध्ये संमत झाला आणि पहिला लोकपाल मार्च २०१९ मध्ये नियुक्त झाला. मद्रासच्या व्याख्यानास तेव्हा जवळजवळ साठ वर्षे झाली होती.

१९६९ च्या निवडणुकीत देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची प्रथम पसंतीची मते मिळाली आणि ते तिसरे आले. गिरी व संजीव रेड्डी यांच्या चुरशीत त्यांची उमेदवारी इतिहासकारांच्याही फारशी लक्षात राहिलेली नाही. २ ऑक्टोबर १९८२ रोजी ते निवर्तले. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी केलेला मराठी अनुवाद आजही त्यांच्या अर्थसंकल्पांपेक्षा अधिक वाचला जात असावा.

त्यांच्या पूर्वीच्या मतदारसंघातील किनाऱ्यावर या प्रश्नाची पुढची कसोटी लागली ती त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. जानेवारी १९९३ मध्ये आगरदांड्यासमोरील दिघी येथे, आणि फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळील शेखाडी येथे, चोरटा माल उतरविण्यात आला. शस्त्रे व स्फोटके याच किनाऱ्यावरून आत गेली आणि १२ मार्च रोजी मुंबईत बॉम्बस्फोट झाले. या किनाऱ्यावर पाळत नव्हती असे नाही. सीमाशुल्क खात्याची गस्त होती, पोलीस ठाणी होती. दिघीहून निघालेला माल पोलिसांनी वाटेत अडविलाही होता, आणि पैसे ठरवून सोडून दिला होता. खटल्यात सीमाशुल्क खात्याचे अधिकारी आणि पोलीस यांच्यापैकी अनेकांना शिक्षा झाल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २१ मार्च २०१३ रोजी लागला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये संसदेने लोकपालाचे विधेयक संमत केले.