पेंटियमची भाऊबंदकी

गेल्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळच्या सुमारास आमच्या पारनेरातले एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसले. मुलाच्या हातात नगरच्या दुकानातून आणलेले भावाचे दोन कागद होते. दोन्ही कागद संगणकाचेच. पडदा तोच, कळफलक तोच, पेटीही तीच. फरक मुख्यतः एका ओळीचा. एकावर इंटेल कंपनीचा प्रोसेसर, दुसऱ्यावर एएमडी कंपनीचा. आणि त्या एका ओळीपायी किमतीत काही हजारांचे अंतर.

"गुरुजी, पोरगं म्हणतंय हा घ्या, दुकानदार म्हणतोय तो घ्या," ते म्हणाले. "कांद्याचे पैसे आलेत, पुन्हा पुन्हा यायचे नाहीत. यातला चांगला कोणता, तेवढं सांगा."

मुलाला संगणक अभ्यासाला हवा होता, असे बाप म्हणत होता. मुलगा खाली मान घालून बसला होता. त्यावरून तो खेळायला हवा होता, हे मी ओळखले. पण शाळामास्तराने असल्या गोष्टी पटकन चव्हाट्यावर आणू नयेत. मी चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचायला बसलो. वाचू लागलो तो यंत्राच्या पुराणाऐवजी एका घराण्याच्या भाऊबंदकीचा इतिहास हाती आला. तिचा एक धागा थेट आपल्या पुण्याला येऊन मिळतो. तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा हिशेबनीस. सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर विजेच्या अतिसूक्ष्म कळा कोरलेल्या असतात; त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. त्या उघडमीट करून हा हिशेबनीस एका सेकंदात कोट्यवधी बेरजा-वजाबाक्या करतो. आपण पडद्यावर पत्र पाहतो, चित्र पाहतो की घोडदौड पाहतो, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते. त्याच्या लेखी सारे आकडेच.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात फेअरचाइल्ड नावाची कंपनी होती. तिच्यातून बाहेर पडून रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी 1968 साली इंटेल काढली. त्याच कंपनीत विक्रीचे काम पाहिलेल्या जेरी सँडर्स यांनी सात सोबत्यांसह 1969 साली एएमडी काढली. म्हणजे एकाच वाड्यातून निघालेल्या या दोन चुली. थोरली श्रीमंत, धाकटी काटकसरीची.

1981 साली आयबीएम कंपनीने आपला घरगुती संगणक बाजारात आणला. त्यात इंटेलचा 8088 हा प्रोसेसर होता. पण आयबीएमची एक अट होती: माल पुरवणारा एकच नको, दुसराही हवा. एकाच विहिरीवर सारे गाव विसंबून ठेवू नये, हे आम्हां दुष्काळी तालुक्यातल्या लोकांना कोणी शिकवायला नको. त्या अटीपायी 1982 साली इंटेलने एएमडीशी करार केला आणि आपल्या घडणीचे प्रोसेसर बनवायची मुभा दिली. धाकटीला वाटणी मिळाली ती ही अशी.

पुढे जे व्हायचे तेच झाले. 1985 साली इंटेलने 386 हा नवा प्रोसेसर काढला आणि त्याचा आराखडा एएमडीला द्यायचे नाकारले. बांधावरून भांडण सुरू झाले. लवाद झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. एएमडीने स्वतःच्या अकलेने 386 तयार करून 1991 साली बाजारात आणला. इंटेलचा 33 मेगाहर्ट्‌झवर चाले, हिचा 40 वर. इंटेलने 386 या आकड्यावर हक्क सांगितला. कोर्टाने म्हटले, आकडा कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही. म्हणून 486 च्या पुढचा प्रोसेसर 586 न होता 'पेंटियम' झाला. ग्रीक भाषेत 'पेंटे' म्हणजे पाच. आपल्या 'पंच' शब्दाचाच तो दूरचा भाऊ. हे सारे खटले मिटायला 1995 चा जानेवारी उजाडला.

आता पुण्याचा धागा. 1950 साली पुण्यात एका मुलाचा जन्म झाला. त्याचे घराणे फाळणीत रावळपिंडीहून उठून आलेले. मुलाचे नाव विनोद धाम. शिक्षण दिल्लीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात झाले, तेव्हा पुणेकरांनी फार मिरवू नये. पण जन्मगाव ते जन्मगावच. 1975 साली ते अमेरिकेत गेले, सिनसिनाटी विद्यापीठात शिकले आणि 1979 साली इंटेलमध्ये दाखल झाले. पेंटियम उभारण्याच्या कामाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. आराखडा आखणाऱ्यांत जॉन क्रॉफर्ड आणि डोनाल्ड अल्पर्ट हे प्रमुख. शिवाय शेकडो हात राबलेले. तरी 'पेंटियमचा बाप' हे बिरुद लोकांनी दिले ते धाम यांनाच. 22 मार्च 1993 रोजी पेंटियम जगापुढे आला. त्यात 31 लाख ट्रान्झिस्टर होते आणि हजाराच्या घाऊक खरेदीत एकाची किंमत 878 डॉलरपासून पुढे होती.

या लाडक्या लेकराला वर्ष-दीड वर्षातच दृष्ट लागली. व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना 1994 साली आढळले की पेंटियम काही भागाकार चुकतो. 4195835 ला 3145727 ने भागले तर उत्तर 1.33382 येते; पेंटियम 1.33374 सांगे. आमच्या वर्गातल्या मुलांना हा भागाकार मी वहीवर करायला लावला. तास संपला, बोटे दुखली, पण चौघांचे उत्तर पेंटियमपेक्षा बरोबर आले! भागाकारासाठी प्रोसेसरच्या पोटात एक कोष्टक कोरलेले होते आणि त्यातल्या पाच जागा रिकाम्या राहिल्या होत्या. पाढा पाठ करताना एखादे घर गाळावे, तसा हा प्रकार. इंटेल म्हणाली, सामान्य माणसाला ही चूक 27 हजार वर्षांत एकदा भेटेल. आयबीएम म्हणाली, 24 दिवसांत एकदा भेटेल. लोकांचा विश्वास उडाला. अखेर 20 डिसेंबर 1994 रोजी इंटेलने मागेल त्याला प्रोसेसर बदलून द्यायचे कबूल केले. खर्चाची रक्कम 47 कोटी 50 लाख डॉलर.

1995 साली धाम यांनी इंटेल सोडली आणि ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. तिचे प्रमुख अतीक रझा, मूळचे पाकिस्तानचे. फाळणीने ज्यांच्या मुलखांत रेघ ओढली, ती दोन माणसे सातासमुद्रापलीकडे एका टेबलाशी बसली. त्याच सुमारास एएमडीचा के-5 हा प्रोसेसर उशिरा आणि अशक्त निघाला होता. एएमडीने नेक्सजेनच विकत घेतली. तिथे घडत असलेल्या प्रोसेसरवर नवे संस्कार झाले आणि एप्रिल 1997 मध्ये तो 'के-6' नावाने बाहेर पडला. ज्याच्या हातून पेंटियम मोठा झाला, त्याच माणसाचा हात आता पेंटियमच्या भाऊबंदाच्या पाठीवर होता.

आणि इथे आमच्या पारनेरच्या प्रश्नाचे पहिले रूप दिसते: दोघांत चांगला कोणता?

के-6 मध्ये 88 लाख ट्रान्झिस्टर होते. 233 मेगाहर्ट्‌झच्या के-6 ची किंमत 469 डॉलर. पुढच्याच महिन्यात आलेल्या तेवढ्याच मेगाहर्ट्‌झच्या पेंटियम-2 ची 636 डॉलर. त्याहून मोठी गोष्ट अशी की पेंटियम-2 ला नव्या धर्तीची खोबण लागे. म्हणजे मदरबोर्डही नवा घ्यावा लागे. के-6 जुन्या पेंटियमच्याच खोबणीत बसे. ज्याचा मदरबोर्ड त्याला साजेसा असेल, त्याने जुना प्रोसेसर काढावा आणि हा बसवावा. पत्रे लिहिणे, हिशेबाचे तक्ते, कचेरीचे काम यांत तो पेंटियम-2 च्या बरोबरीने चाले. गरिबाच्या घरी वाघ यावा तसा तो आला.

पण खेळाचे काय? 1996 साली 'क्वेक' नावाचा खेळ निघाला होता. पडद्यावर खोल दालने, जिने, त्यांतून धावणारा खेळाडू, आणि प्रत्येक भिंत जवळ-दूर होताना खरी वाटणारी. असे दृश्य काढायला दशांश अपूर्णांकांचे भागाकार अखंड करावे लागतात. पेंटियमच्या पोटात दशांशाचे गणित करणारा विभाग पूर्णांकाच्या विभागाशेजारी उभा राहून काम करी. इकडे भागाकार चालू असता तिकडे ठिपके रंगवून होत. 'क्वेक' लिहिणाऱ्यांनी ही खुबी पुरेपूर वापरली. के-6 पूर्णांकात चपळ. दशांशात मात्र एक काम संपल्याशिवाय दुसरे हाती घेत नसे. म्हणून कचेरीत बरोबरी करणारा हा गडी 'क्वेक'च्या दालनांत मागे पडे.

आमच्या शेजारच्या बेल्ह्याच्या बैलबाजारात कोणी विचारील, "यातला चांगला बैल कोणता?" तर जाणता व्यापारी उलट विचारतो, "नांगराला हवा का गाड्याला?" शर्यतीच्या घाटात वाऱ्यासारखा सुटणारा खोंड दिवसभर नांगर ओढीलच असे नाही, आणि नांगराचा बैल घाटात हरला म्हणून कोणी त्याला कुचकामी म्हणत नाही. 1997 सालच्या त्या दोन प्रोसेसरांचा निवाडा याहून वेगळा नव्हता.

तथापि भाऊबंदकी एवढ्यावर थांबत नसते. मे 1998 मध्ये एएमडीने के-6-2 काढला. त्यात दशांशाची दोन कामे एकदम करणाऱ्या 21 नव्या आज्ञा घातल्या, मुख्यतः खेळांसाठी. इंटेलने 1999 साली पेंटियम-3 मध्ये 70 नव्या आज्ञा घालून उत्तर दिले. धाकटीचा स्वस्त माल खपतो हे पाहून थोरलीने 1998 साली सेलेरॉन हा स्वस्त प्रोसेसर काढला. मार्च 2000 मध्ये एक हजार मेगाहर्ट्‌झची रेघ एएमडीने आधी ओलांडली. इंटेल दोन दिवसांनी मागोमाग पोचली. एकीने वेग वाढवला की दुसरीने भाव उतरवायचा. दुसरीने खुबी काढली की पहिलीने दुप्पट काढायची. ज्याच्या खिशात पैसे थोडे, त्याचे दरवेळी भले झाले. 2001 नंतर गावोगाव एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले आणि संगणक पाहिला नव्हता अशी पोरे माऊस धरायला शिकली. तोवर संगणक मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागला होता, त्याच्या मागे ही भाऊबंदकीही होती.

गेल्या काही वर्षांत नावे बदलली, कथा तीच. 2006 साली इंटेलने कोअर-2 काढून धाकटीला अशी मागे टाकली की पुढे दहा वर्षे ती धापा टाकीत होती. या काळात इंटेलच्या घरगुती प्रोसेसरांची प्रगती मंदावली. साल बदले, पण गिऱ्हाइकाच्या पदरात थोडेच पडे. प्रतिस्पर्धी आजारी पडला की पैलवानही मेहनत चुकवतो. 2017 साली एएमडीचा रायझन आला आणि आखाडा पुन्हा गजबजला. एप्रिल 2022 मध्ये तिने एका रायझनच्या पाठीवर साठवणीचा आणखी एक थर चढवून ती 96 मेगाबाइट केली. लागणारे आकडे हाताशीच राहिल्याने तो खेळांत नामांकित ठरला. आणि तोही बसे 2016 च्या घडणीच्या खोबणीत. के-6 चा घराणेगुण तो हाच. उलट 2024 साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर जास्त विद्युतदाबाने बिघडू लागले. कंपनीला हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. 1994 च्या भागाकाराची आठवण अनेकांना झाली असेल.

हा सारा इतिहास वाचून झाल्यावर मी त्या बापलेकांना पुन्हा बोलावले. उत्तर दिले नाही, प्रश्नच विचारले. काम कोणते? खेळ कोणता? चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल का? आणि पडदा कोणता? शेवटच्या प्रश्नावर मुलगा थबकला. कागदावरचा पडदा सेकंदाला 60 चित्रे दाखवणारा होता. तो ज्या खेळासाठी झुरत होता, तो खेळ दोन्ही प्रोसेसर त्याहून अधिक वेगाने चालवत होते. म्हणजे महाग प्रोसेसरचा जादा वेग त्या पडद्यावर दिसणारच नव्हता. शिवाय आजच्या खेळांत चित्रे काढण्याचे मुख्य ओझे ग्राफिक्स कार्ड उचलते. प्रोसेसरवर सारा पैसा ओतून कार्ड हलके घेणे म्हणजे दारात घोडा बांधून अंगणात धावायची जागा न ठेवणे.

मुलाने वहीत स्वतः कोष्टक मांडले. आठ दिवसांनी त्यांनी दोहोंपैकी स्वस्त होता तो घेतला. वाचलेल्या पैशांतले काही कार्डावर घातले, बाकीचे ठिबकच्या नळ्यांना गेले. पुढच्या हंगामात स्वस्त दुसरा असेल. म्हणून नाव सांगत नाही.

विनोद धाम यांना 2025 साली भारत सरकारने पद्मभूषण जाहीर केले. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली होती. तेव्हा मागच्या बाकावरून त्याच मुलाने विचारले होते, "गुरुजी, मग त्यांच्या घरी कोणता संगणक असेल? पेंटियमवाला का के-6 वाला?"

वर्ग हसला. मी मात्र हसलो नाही. बापाला दोन्ही लेकरे सारखीच, एवढेच म्हणालो आणि फळ्यावर भागाकाराचे उदाहरण घातले.